पुण्यात बरोबर, नाशकात चूक: अंश आणि रेडियनचा घोळ

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या डिलिव्हरीच्या प्रोजेक्टवर होतो. काम साधंच होतं, दुकानाचं लोकेशन आणि गिऱ्हाइकाचं लोकेशन दिलंय, मधलं सरळ रेषेतलं अंतर काढायचं आणि ते पाच किलोमीटरच्या आत असेल तर ऑर्डर घ्यायची. एवढ्याशा अंतरासाठी पृथ्वी गोल बिल धरायची गरज नसते. अक्षांशातल्या फरकाला १११.२ ने गुणलं की उत्तर-दक्षिण किलोमीटर मिळतात, रेखांशातल्या फरकाला १११.२ ने आणि शिवाय त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं की पूर्व-पश्चिम, आणि मग आपला पायथागोरस. कोसाइन कशाला, तर रेखांशाच्या रेषा विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात आणि किती येतात ते कोसाइन सांगतो. मी कोड लिहिला, पुण्यातल्या दहा-बारा जागा टाकून मॅपवरच्या अंतराशी ताडून बघितल्या, सगळं जुळलं, लाइव्ह केलं, दोन महिने मस्त चाललं.

मग नाशिक सुरू झालं आणि तक्रारी यायला लागल्या, की अहो हे गिऱ्हाईक नऊ किलोमीटर लांब आहे आणि तुमचं अ‍ॅप म्हणतंय चारच्या आत. गंमत म्हणजे सगळ्या ऑर्डरी चुकत नव्हत्या, उत्तर-दक्षिणेची गिऱ्हाइकं बरोबर येत होती, पूर्व-पश्चिमेची गंडत होती. मी आधी जीपीएसला शिव्या घातल्या, मग डेटाबेसवर संशय घेतला, मग अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीये का ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की कोसाइनमध्ये मी अक्षांश सरळ अंशातच टाकलाय. नाशिकचा अक्षांश जवळजवळ २०. २० अंशांचा कोसाइन ०.९४० येतो, कॉम्प्युटरने मला दिला होता ०.४०८, म्हणजे पूर्व-पश्चिमेचं प्रत्येक अंतर निम्म्याहून कमी दिसत होतं.

ही चूक नवी नाही, प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते. सी घ्या, पायथन घ्या, जावास्क्रिप्ट घ्या, अगदी एक्सेल घ्या, साइन-कोसाइनच्या फंक्शनला कोन रेडियनमध्येच हवा असतो. साइनमध्ये ३० टाकलं तर शाळेतलं ०.५ येत नाही, उणे ०.९८८ येतं, आणि कॉम्प्युटर कुठलीही एरर देत नाही कारण त्याच्या दृष्टीने ३० हीसुद्धा एक धडधाकट संख्याच आहे, तिला पाठीमागे गोल शून्य लावून आपण अंश म्हणतो हे त्याला कोण सांगणार. मला छळत होता तो प्रश्न वेगळा होता. नाशकात गंडलं ते समजलं, पण मग पुण्यात दोन महिने बरोबर कसं काय चाललं? त्यासाठी रेडियन म्हणजे नक्की काय ते आधी बघावं लागतं.

सायकलचं चाक घ्या. आऱ्याच्या लांबीएवढी, म्हणजे त्रिज्येएवढी, दोरी कापा आणि ती चाकाच्या कडेवर ताणून चिकटवा. दोरीची दोन टोकं मध्याशी जोडल्यावर जो कोन होतो तो १ रेडियन. बस एवढंच. चाक लहान असो की मोठं, कोन तोच येतो, साधारण ५७.२९६ अंश. पूर्ण चाकाला अशा ६.२८३ दोऱ्या लागतात, म्हणजे दोन पाय (३.१४१६ वाला π). म्हणून ३६० अंश म्हणजे दोन पाय रेडियन, १८० म्हणजे पाय, आणि अंशाचे रेडियन करायचे तर पाय भागिले १८० ने गुणायचं. हे शेवटचं वाक्य आपल्याला अकरावीत पाठ करून घेतात आणि दोरीचं सांगत नाहीत, आणि मग रेडियन म्हणजे सरांनी उगाच काढलेलं काहीतरी असं वाटत राहतं ते राहतंच. खरी गोष्ट उलटी आहे. ३६० हा आकडा माणसांनी आणलाय, बाबिलोनच्या ६० च्या हिशेबातून आलेला, २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० सगळ्यांनी भाग जातो म्हणून सोयीचा. रेडियन कोणी ठरवून आणलेला नाही, तो चाकातच आहे.

आणि हे आपल्याकडे फार आधी कळलेलं होतं, नाव नव्हतं इतकंच. आर्यभटाच्या आर्यभटीयात, म्हणजे इसवी सन ४९९ च्या सुमाराला, ‘ज्या’ची २४ आकड्यांची सारणी आहे. ज्या म्हणजे आपला साइनच, फक्त त्रिज्येने गुणलेला. त्यात शेवटची, ९० अंशांची ज्या येते ३४३८. हा विचित्र आकडा कुठून आला, तर वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला (एका अंशाच्या ६०), आणि परिघ २१,६०० असेल तर त्रिज्या येते जवळपास ३४३८. म्हणजे कोन मोजायचं एकक आणि लांबी मोजायचं एकक त्याने एकच धरलंय, दोन्ही कलेतच, आणि रेडियनची सगळी कल्पना हीच तर आहे. ३४३८ ला ६० ने भागा, ५७.३ येतात, म्हणजे एका रेडियनचे अंश. सारणीतली पहिली ओळ तर याहून सुंदर आहे, कोन २२५ कला आणि त्याची ज्याही २२५. आणि आपण रोज जो शब्द वापरतो, त्रिज्या, तो तीन राशींची ज्या या अर्थाचा आहे, राशी ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९०, आणि ९० अंशांची ज्या म्हणजे अख्खी त्रिज्या. रेडियन हा इंग्रजी शब्द मात्र १८७३ मध्ये बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांनी परीक्षेच्या पेपरात छापला तेव्हापासूनचा, हे थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विनचे भाऊ.

आता पुण्याचं कोडं. पुणे स्टेशनचा अक्षांश १८.५२८. मी तो अंश म्हणून दिला, कॉम्प्युटरने रेडियन म्हणून घेतला. १८.५२८ रेडियन म्हणजे भरपूर मोठा कोन, चाकाला जवळपास तीन फेरे. तीन पूर्ण फेरे म्हणजे सहा पाय, १८.८४९६. आपण त्याच्या ०.३२१६ अलीकडे थांबलो. कोसाइनला फेरे किती झाले याच्याशी घेणं नसतं, शेवटी कुठे थांबलात तेवढंच तो बघतो, आणि पुढे की मागे याचाही त्याला फरक पडत नाही, म्हणजे त्याने ०.३२१६ चा कोसाइन दिला, ०.९४८७. आता योग्य रीतीने करू, १८.५२८ अंशांचे रेडियन होतात ०.३२३४, त्याचा कोसाइन ०.९४८२. ०.३२१६ आणि ०.३२३४! केवळ योगायोग, पण असा योगायोग की दहा किलोमीटरमागे सहा मीटरचा फरक पडतो आणि तो जगात कोणालाही दिसणार नाही. ठाण्यातही असंच, १९.२ टाकलं की चुकीचं उत्तर ०.९३९ आणि बरोबर ०.९४४. मुंबईला ०.९९६ विरुद्ध ०.९४६, पाचेक टक्के, तेही एखादा खपवून घेईल. पण कोल्हापूरचं १६.७ टाका, उणे ०.५४७ येतं, नागपूरचं २१.१५ टाका, उणे ०.६६७. उणे आलं असतं तर निदान पकडलं गेलं असतं, पण पायथागोरसमध्ये वर्ग होतो आणि उणे चिन्ह गुपचूप गायब. म्हणजे पुणे-मुंबई-ठाण्यात बसलेल्या प्रोग्रामरने लिहावा आणि बाकी महाराष्ट्राने भोगावा असा हा बग आहे, यावर हवं ते राजकारण ज्याने त्याने करावं.

याच्या उलट ओरडून सांगणारा बग किती बरा. दोन शहरांमधल्या अंतराला हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात, पृथ्वी गोल धरून. त्यात मुंबई सीएसएमटी आणि पुणे स्टेशन नीट रेडियन करून टाकलं तर हवाई अंतर ११८-११९ किलोमीटर येतं. तेच अंश तसेच टाकले तर येतं सुमारे ७,०३०. एवढ्यात माणूस लंडनच्या जवळ पोचतो. हे बघून कोणीही दचकेल आणि पाच मिनिटांत दुरुस्त करेल.

बरं, पण मग कॉम्प्युटरवाल्यांनी सरळ अंशच का नाही घेतले, सगळं जग अंशात बोलतंय तर? त्याचं कारण त्या पहिल्या ओळीत आहे, कोन २२५ आणि ज्या २२५. रेडियनमध्ये छोट्या कोनाचा साइन म्हणजे जवळजवळ तो कोनच. ०.०१ रेडियनचा साइन ०.००९९९९८. अंशात हे होत नाही, तिथे १ अंशाचा साइन ०.०१७४५, प्रत्येक वेळी तो पाय भागिले १८० शेपटासारखा लागतो. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन असं आपण घोकतो ते फक्त रेडियनमध्ये खरं आहे, अंशात केलं तर एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की एक शेपूट, दुसऱ्यांदा घेतलं की दोन. १४ व्या शतकातल्या केरळच्या माधवाची जी श्रेणी, कोन वजा कोनाचा घन भागिले ६ अधिक पाचवा घात भागिले १२० अशी जाणारी, ती इतकी स्वच्छ दिसते कारण कोन रेडियनच्या धर्तीवर मोजलाय. कॉम्प्युटरच्या आतही साधारण याच जातीचं काम चालतं, आधी कोन फेरे काढून टाकून पाय भागिले ४ च्या आत आणायचा आणि मग छोटीशी बहुपदी चालवायची. गुणक माधवाचे जसेच्या तसे नसतात, थोडे घासून-पुसून घेतलेले असतात, पण नातं दिसतं. आणि ज्याला वेग, कंपनं, स्प्रिंग, लाटा असलं काही मोजायचंय त्याची समीकरणं मुळातच रेडियनमध्ये असतात, त्याला अंश मधे आणणं म्हणजे डोकेदुखी.

अंशात चालणारं सूत्र नाहीच असं मात्र नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांचं (लीलावतीवाले नाहीत, ते दुसरे, पाचशे वर्षांनंतरचे) एक भन्नाट सूत्र आहे, कोन गुणिले १८० वजा कोन हा गुणाकार करायचा, त्याची चौपट वर, आणि खाली ४०,५०० वजा तोच गुणाकार. ३० टाकून बघा, गुणाकार ४,५००, वर १८,०००, खाली ३६,०००, उत्तर बरोब्बर अर्धा. ९० ला बरोब्बर १. ० ते १८० मध्ये कुठेही चूक ०.००२ च्या आतच. पाय नाही, श्रेणी नाही, काही नाही. मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटर-चिपवर, काम करणाऱ्याने एकदा वापरून बघावं असं आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की रेडियन म्हणजे हुशारांचं आणि अंश म्हणजे अडाण्यांचं, आणि प्रोग्रामिंगमध्ये पुष्कळ लोक असंच मानतात, पण मला ते अर्धंच पटतं. कारण आता दुसरी बाजू. पायथनमध्ये १८० अंशांचे व्यवस्थित रेडियन करा आणि साइन काढा. शून्य यायला हवं. येतं १.२२४६ गुणिले दहाचा उणे सोळावा घात. ३० अंशांचा साइन ०.४९९९९९९९९९९९९९९९४. ४५ चा टॅन ०.९९९९९९९९९९९९९९९९. ९० चा टॅन तर मुळात नसतोच, तिथे एक सतरा आकडी संख्या थाटात उभी असते. नवीन माणूस म्हणतो लायब्ररीत बग आहे. बग नाहीये. पाय कधी न संपणारी संख्या आहे आणि कॉम्प्युटरच्या डबलमध्ये (अपूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) ५३ बिट्सची जागा, म्हणजे साधारण १५-१६ आकडे. त्याच्याकडचा पाय ३.१४१५९२६५३५८९७९३११६ आहे, खरा ३.१४१५९२६५३५८९७९३२३८. तुम्ही साइनला पाय दिलाच नाही, पायच्या किंचित अलीकडची संख्या दिली, आणि तिचा साइन शून्य नसतोच. किती असतो? खऱ्या पायमधून साठवलेला पाय वजा करा, जे उरतं तेवढाच, दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग १२२४६. म्हणजे साइनने तुम्हाला तुमच्याच चुकीचं माप काढून हातात दिलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उगाच दोन-तीनदा रन करून बघितलं होतं.

आता बघा, अंशात हीच गोष्ट किती वेगळी. ३०, ४५, ९०, १८० या पूर्ण संख्या आहेत, कॉम्प्युटर त्या जराही न चुकता साठवतो. ३६० ने भागून बाकी काढायची तर तीही एकदम अचूक निघते. म्हणजे एक अब्ज फेरे आणि वर ३० अंश असा कोन असेल तर अंशात बाकी काढली की स्वच्छ ३० हातात येतात. तोच कोन आधी रेडियन करून घेतला तर संख्या सहा अब्जांच्या वर जाते, तेवढ्या मोठ्या संख्येला दशांशाच्या उजवीकडे जागा कमी उरते, आणि सहाव्या-सातव्या दशांशस्थळापासून उत्तर बिघडायला लागतं. फिरणारी मोटर, अँटेना, दिवसेंदिवस चालणारं सिम्युलेशन, अशा ठिकाणी कोन साठत जातो आणि हे खरंच चावतं. लायब्ऱ्या यात कमी पडतात असं नाही, १ वर २२ शून्यं एवढ्या रेडियनचा साइनसुद्धा चांगली लायब्ररी बरोबर सांगते, उणे ०.८५२२, त्यासाठी पेन आणि हॅनेक यांची १९८३ ची युक्ती वापरतात ज्यात पायचे शेकडो बिट्स जवळ ठेवावे लागतात. पण तुम्ही दिलेली संख्याच गोल झालेली असेल तर लायब्ररी तरी काय करणार.

म्हणून काही ठिकाणी तिसरा रस्ता काढलाय. मॅटलॅब आणि ज्युलियामध्ये साइनडी, कोसडी अशी थेट अंश घेणारी फंक्शन्स आहेत, तिथे साइनडी १८० म्हणजे शून्य आणि साइनडी ३० म्हणजे अर्धा, शाळेसारखं. फोरट्रानच्या २०२३ च्या स्टँडर्डमध्ये पण आलीत. दुसरं म्हणजे साइनपाय, ज्यात तुम्ही पाय सोडून उरलेला भाग द्यायचा, १८० अंशांसाठी नुसता १, ३० साठी १ भागिले ६. आयईईई ७५४ या कॉम्प्युटरमधल्या दशांश गणिताच्या स्टँडर्डने २००८ मध्ये याची शिफारस केली आणि सी भाषेच्या सी २३ मध्ये ती आली. तुमच्या भाषेत यातलं काही नसेल तर स्वतः लिहायला अवघड नाही, आधी अंशातच ३६० ची बाकी काढा, ती ९० च्या पटीत आली तर उत्तर हाताने द्या, नाहीतर ४५ च्या आत आणा आणि मगच रेडियन करा. मायक्रोकंट्रोलरवाले तर याच्याही पुढे जातात, १६ बिटची पूर्णांक संख्या घेतात, पूर्ण फेरा म्हणजे ६५,५३६, आणि संख्या ओव्हरफ्लो होऊन शून्यावर आली की कोनही फेरा पूर्ण करून शून्यावर आलेला असतो, काहीच करावं लागत नाही. १९९३ च्या डूम गेममध्येही कोन असेच पूर्णांकात होते.

रोजच्या कामात डोकं जास्त कशाने फिरतं, तर कोण काय मागतंय याने. वेब पेजवर सीएसएसमध्ये रोटेट केलं तर ४५ डेग असं लिहायचं, एसव्हीजीत नुसते अंश, आणि त्याच पेजवर कॅनव्हास असेल तर तिथे रेडियन. युनिटी या गेम इंजिनात ऑब्जेक्ट फिरवायचा तर अंश आणि साइन काढायचा तर रेडियन. जीएलएम नावाच्या ग्राफिक्स लायब्ररीने तर जुन्या व्हर्जनमध्ये अंश घेतले आणि ०.९.६ पासून रेडियन केले, तेव्हा अपडेट केलेल्यांची दृश्यं गरागरा फिरली असणार. एटॅन२, म्हणजे दोन बाजूंवरून कोन काढणारं फंक्शन, उत्तरही रेडियनमध्येच देतं, तेही उणे पाय ते अधिक पाय, म्हणून दिशा काढताना पश्चिम उणे ९० येते आणि त्यात ३६० मिळवावे लागतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्सच्या पेपरात कॅल्सीच्या कोपऱ्यातला तो बारीक आर न दिसल्याने माझा एक आख्खा प्रश्न गेला होता, तेव्हा आता मी सवयीने आधी कोपराच बघतो.

नाशिकच्या प्रकारानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे व्हेरिएबलच्या नावातच एकक, नुसतं लॅट नाही, लॅट_डेग किंवा लॅट_रॅड, मग कोसाइनच्या कंसात लॅट_डेग दिसलं की वाचतानाच खटकतं. युजरकडून, मॅपकडून, डेटाबेसमधून येतं ते अंशातच राहू दे, तिथे रेडियन साठवायचा शहाणपणा करू नका, उद्या कोणी टेबल उघडलं तर ०.३२३४ बघून त्याला काय कळणार. ज्या फंक्शनमध्ये गणित आहे त्याच्या पहिल्या ओळीत रूपांतर करायचं, आत सगळं रेडियन, बाहेर पडताना परत अंश.

दुसरं म्हणजे टेस्ट. आधीच्या टेस्टमध्ये सगळ्या जागा पुण्याच्या होत्या कारण मी पुण्यात राहतो, आणि एक होती दोन्ही लोकेशन सारखीच असली तर अंतर शून्य, जी कुठल्याही एककात पास होते. आता त्यात नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर आहेत, प्रत्येकी एक पूर्व-पश्चिम जोडी. रूपांतराची ओळ मुद्दाम काढून मी एकदा सगळ्या चालवून बघितल्या. तिन्ही लाल झाल्या, पुण्याच्या दहाही हिरव्या राहिल्या.